राहिलेलं दार

बांडीच्या तोंडातून लाळेचे धागे लोंबून जमिनीला टेकले होते. आई उकिडवी बसून एका हाताने तिची जीभ बाजूला धरून होती आणि दुसऱ्या हाताने खाऱ्या पाण्याचा बोळा हिरड्यांवरून फिरवत होती. गाय मान झटकायची, लाळ आईच्या कपाळावर उडायची, आई कोपराने कपाळ पुसायची आणि गाईला म्हणायची, "झटक, झटक. मला काय, मी काही तुझ्यासारखी दूध आटवून बसणार नाही."

उन्हाळा तोंडाशी आला आणि गावात जनावरांचा लाळ्या रोग शिरला. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जायला त्याला ना रस्ता लागला ना आमंत्रण. दूध संकलन केंद्रावर सकाळी कॅन भरायचे तिथे आता तळ झाकला की लोक देवाचे आभार मानत. प्रत्येकाच्या दारात चुन्याचं पसरट घमेलं आलं. आत जाताना पाय बुडवायचे, बाहेर येताना पुन्हा बुडवायचे. पायांची कातडी निघाली तरी कुणी कुरकुर केली नाही. गाईपुढे पायांचं काय घेऊन बसलात.

अशात लेक आली. तालुक्याच्या आरोग्य कचेरीत ती कामाला होती. तिचं काम नेमकं काय, हे घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. गावोगावच्या आरोग्य समित्यांना जाऊन भेटायचं आणि सांगायचं, की बाबांनो, कॅन्सर टाळायचा तर मनाला येईल ते करू नका. जे आधी कुठेतरी करून पाहिलंय, ज्यानं बायका खरंच वाचल्यात असं मोजून दिसलंय, ते करा. समितीने मान डोलावली म्हणजे काम संपलं नाही. ते नीट रुजेपर्यंत मागे उभं राहायचं. शेजारणी आईला विचारत, "लेक काय करते गं?" आई म्हणायची, "बोलते." आणि पुढचं विचारू नये अशा बेताने बादली आपटायची.

"वन्सं, तिथेच थांबा," वहिनी दारातून ओरडली. "आधी चुन्यात पाय."

"चांगल्या चपला आहेत, वहिनी."

"लाळ्याला चांगलं-वाईट कळत नाही."

लेकीने चपलांसकट पाय बुडवले. आईने वर पाहिलं नाही. "वाळलीस," एवढं म्हणाली आणि बोळा पुन्हा पाण्यात पिळला.

समितीची बैठक केंद्राच्या ओट्यावर होती. हाताची खुर्ची एकच, ती अध्यक्षांची. बाकीचे बाकावर. लेकीला दुधाचा रिकामा क्रेट उपडा करून दिला. आई समितीची सभासद होती. एक बाई हवीच असा नियम होता म्हणून तिला घेतलेलं. आजवर ती भिंतीला टेकून बसायची आणि सही करून उठायची. गावात तिला फौजदारीण म्हणत, पण त्या ओट्यावर तिची फौजदारी कधी चालली नव्हती.

"ये चिमणे," अध्यक्ष म्हणाले. "बस. केवढीशी होतीस. नाक ओढत कॅनमागून फिरायचीस."

बाकावरचे हसले. लेकही हसली. हसण्यावाचून इलाज नव्हता.

अध्यक्षांचा बेत तयार होता. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी गेल्या साली जसं शिबिर झालं तसंच यंदा, पण मोठं. शाळेपुढे मांडव, भोंगा, शहरातला मोठा डॉक्टर, त्याचं भाषण, अध्यक्षांचं भाषण.

"गेल्या साली तपासणी किती जणींची झाली, काका?" लेकीने विचारलं.

"गर्दी मावत नव्हती."

"गर्दीचं नाही विचारलं. तपासणीचं."

अध्यक्षांनी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याने आपल्या नखांकडे पाहिलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तपासणीच्या खोलीपुढे बायकांची रांग उभी केली ती नेमकी पुरुषांच्या खुर्च्यांसमोर. कोण कशासाठी उभी आहे ते सगळ्यांना दिसत होतं. बायका भाषण संपेपर्यंत पंख्याखाली बसल्या आणि धारा काढायच्या म्हणून निघून गेल्या. त्यातच आईच्या थोरल्या जाऊबाई होत्या. "पुढच्या वेळी बघू," म्हणाल्या होत्या. पुढची वेळ यायच्या आतच त्यांनी अंथरूण धरलं, आणि आता ती आली तेव्हा त्या नव्हत्याच.

लेक बोलू लागली. आता बाईला घरीच स्वतःची तपासणी स्वतः करता येते. हातभर लांब नाही, बोटाएवढी कांडी. ती आत फिरवून औषधी पाण्याच्या नळीत घालून द्यायची. ज्या विषाणूने पुढे हा आजार होतो तो आहे की नाही ते त्यातून कळतं. असला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. आताच बघितलं तर तो व्हायच्या आधीच अडवता येतो, एवढंच. ती चांगलं बोलत होती, पण पुस्तकातलं बोलत होती. बाकावर एक जण जांभई देत होता.

तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर बर्फाची पेटी खांद्याला लावून ओट्यासमोरून चालले. उन्हाने चेहरा विटेसारखा झालेला. "अध्यक्ष, वरच्या आळीतल्या दोन गोठ्यांना कुलूप होतं. संध्याकाळी परत येतो. किल्ली ठेवायला सांगा."

"सांगतो, सांगतो. एकही जनावर सोडू नका, डॉक्टर. एक राहिलं तर सगळं गाव राहिलं."

डॉक्टर गेले. भिंतीपाशी आई खाकरली.

"अध्यक्ष, एक विचारू?"

ओट्यावर सगळे वळले. भिंत बोलावी तसं झालं.

"लस टोचायला शाळेपुढे मांडव का नाही घातला? भोंग्यावरून सांगायचं, गाई घेऊन या म्हणून."

"काहीतरीच काय. आजारी जनावरं एकत्र आणायची? आणि कामाच्या वेळेला कोण घेऊन येईल? अर्धी यायचीच नाहीत."

"म्हणून डॉक्टर दारोदार."

"मग?"

"कुलूप दिसलं तर परत."

"अहो मग? काय म्हणायचंय तुम्हाला? बायका म्हणजे काय गाई आहेत?"

"नाहीत ना," आई म्हणाली. "असत्या तर दारात डॉक्टर मिळाला असता."

जांभईवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. मग कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळा बाक हलला. अध्यक्षही हसले, कारण ते वाईट माणूस नव्हते; त्यांना फक्त मांडव आवडायचा. लेक मात्र हसली नाही. ती क्रेटवर पुढे सरकली. तिला हवी होती ती फट पडली होती आणि ती बुजायच्या आत पाय घालायचा होता.

"हेच करून पाहिलंय, काका. बऱ्याच ठिकाणी. मांडवापेक्षा दारात गेल्याने जास्त बायका तपासल्या जातात, हे माझं मत नाही, मोजलेलं आहे."

"बरं, जा दारोदार. पण भोंगा राहू दे. जिची राहिली तिचं नाव पुकारू. लाजेने तरी करतील."

"नाव पुकारायचं नाही." तिचा आवाज एकदम सपाट झाला. चिमणीचा राहिला नाही. "वेळ तुम्ही ठरवा. कोण जाणार, कुठल्या आळीपासून, तेही तुमचं. गाव तुमचं आहे, तुम्हालाच कळतं. पण ओळखीच्या बाईने जाऊन तोंडावर विचारायचं, त्याच्यात बदल नाही. जी राहील तिच्या दारी परत जायचं. आणि जिचं काही निघेल तिला 'जा हं दवाखान्यात' म्हणून सोडून द्यायचं नाही, सोबत जायचं. यातलं एक काढलंत तर बाकीचं केलं न केलं सारखंच."

अध्यक्षांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. "पाऊस पडेपर्यंत बघू. नाही जमलं तर मांडव. आणि तुझ्या नळ्या तू परत घेऊन जायच्या."

"चालेल."

घरी येताना आई पुढे, लेक मागे. फाटकाशी दोघींनी चुन्यात पाय बुडवले. "बरं बोललीस आई," लेक म्हणाली. आई म्हणाली, "बांडीला पाणी दाखवायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवसापासून वहिनी आणि आई निघाल्या. लेकीने गोठ्यातच बसवून दोघींना शिकवलं होतं, गाई बघत होत्या. काय बोलायचं तेही ठरलं: मी तुझ्यासाठी आलेय, तुझ्या सासऱ्यासाठी नाही. दार लाव, स्वतःच कर, चहा उकळेपर्यंत होतं. नको वाटलं तर आज नको. मी परत येईन. वहिनीला ते पहिल्याच वेळी जमलं. आईला 'नको वाटलं तर' हे शब्दच जमेनात. ती म्हणायची, "नको कसं वाटेल?" आणि लेक म्हणायची, "आई, पुन्हा."

"मला बाई वाकून पायाची बोटं दिसत नाहीत," कासाराची जाडी भावजय म्हणाली, "तिथलं काय दिसणार?"

"दिसायचं काम नाही," वहिनी म्हणाली. "कासेत दूध आहे का ते डोळ्याने बघतेस का? हाताला कळतं."

"ह्यांना विचारावं लागेल," सुताराची सून म्हणाली.

"गाय आटवताना विचारतेस?" आईने विचारलं.

"त्यांना कुठे कळतंय त्यातलं!"

"मग?"

सुताराच्या सुनेने नळी घेतली. आतून कडी लावल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग स्वतःशीच फुटलेलं हसू. बाहेर आली तेव्हा ती लाल झाली होती आणि मान ताठ होती, जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात एकटीने बसून आल्यासारखी.

पण नळ्या गोळा कुठे करायच्या, हे कुणी कुणाला पक्कं सांगितलं नव्हतं. लेक समजली वहिनी सांगेल, वहिनी समजली लेकीने सांगितलंय. आणि गावात तर नळीत घालून द्यायच्या वस्तूची जागा ठरलेली. संध्याकाळी केंद्रावर दूध ओतायचं, त्यातलं जरासं नळीत काढायचं, नाव लिहिलेली नळी लाकडी घडवंचीतल्या भोकात उभी करायची. मग केंद्रावर कामाला असलेला लेकीचा दादा एकेक उचलून यंत्राला लावायचा आणि दुधाला किती फॅट लागलं ते ओरडून सांगायचा. वर्षानुवर्षं हेच.

दादाने त्या संध्याकाळी एक नळी उचलली, उजेडात धरली.

"सुतारांकडचं आज फारच पातळ आहे," तो म्हणाला. "पाणी घातलंय की पाण्यातच दूध घातलंय?" आणि बूच काढायला त्याने अंगठा लावला.

"अहो थांबा!" वहिनीने रांगेतून अशी किंकाळी फोडली की बाहेर बांधलेला बैल उठून उभा राहिला. "ते दूध नाहीये!"

"मग काय आहे?"

दादाने नळीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, रांगेतल्या साऱ्या खाली घातलेल्या माना पाहिल्या आणि त्याला कळलं. त्याने ती नळी इतक्या हळुवारपणे परत भोकात ठेवली जसं चिमणीचं अंडं ठेवावं. मग यंत्र बंद करून तो मागच्या नळावर गेला आणि बराच वेळ हात धूत बसला.

घटका भरली नाही तोवर गावभर झालं. पुरुष हसून हसून खाली बसले. रांगेतल्या बायका मान वर करेनात. अध्यक्ष केंद्रावर आले ते घामाघूम. "टँकरवाल्याच्या कानावर गेलं तर? आधीच लाळ्याने दूध निम्मं, उरलेलंही कुणी घेणार नाही! चिमणे, बस झालं. उचल तुझ्या नळ्या."

लेक घडवंचीपुढे उभी होती. सुतारांची, कासारांची, वरच्या आळीची. झाकणं घट्ट, नावं ठसठशीत. एकीचंही चुकलेलं नव्हतं. तपासणी सगळ्यांनी बरोबर केली होती, फक्त आणून इथे ठेवली होती. तिचे डोळे भरून आले आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती नळ्या मोकळ्या करू लागली.

"थांब गं," रांगेच्या टोकाकडून आवाज आला. अध्यक्षांची बायको. ती चार माणसांत बोलत नसे. घरात बोलत असे, असं म्हणत. "त्यातली एक माझी आहे. मी ठेवली. ठेवली म्हणजे चुकून नाही ठेवली."

"तू?" अध्यक्ष म्हणाले.

"दवाखान्यात दिली असती तर कुठे गेली, कुणी उघडली, कुणाच्या नावावर चढली, काय माहीत? इथे लग्न झाल्यापासून दूध घालतेय. माझं दूध कधी दुसरीच्या नावावर गेलेलं नाही. आणि रोज यायचंच आहे इथे. वेगळं कुठे जायला लागलं असतं तर मी गेलेच नसते."

रांगेतून हुंकार उठला, पाण्यावर वारा उठावा तसा.

लेकीचा हात थांबला. तिने मनाशी तपासून पाहिलं: दारात विचारलं गेलं होतं, ओळखीच्या बाईने. नळी नीट भरली होती. मग ती कुठे ठेवायची, याने काय अडतं? दुधापासून लांब हवी, कुणाच्या हाताला लागू नये, बस. हे पुस्तकात नव्हतं. पुस्तकाच्या विरुद्धही नव्हतं.

"काका," ती वळून म्हणाली, "आतल्या खोलीत भिंतीतलं कपाट आहे. जुन्या चाळण्या ठेवता ते. ते मला द्या. किल्ली वहिनीकडे. बायका मागच्या दाराने जातील, ठेवतील, पुढे येऊन दूध घालतील. घडवंचीला कुणी हात लावणार नाही."

"हे केंद्र दुधाचं आहे."

"आणि दूध कुणाचं आहे?" अध्यक्षांच्या बायकोने विचारलं.

चाळण्या बाहेर आल्या. आईने कपाट सोडा घालून घासलं, इतकं की लाकडाचा मूळ रंग कुणाला तरी पहिल्यांदाच दिसला.

मग ते सुरू झालं आणि चालू राहिलं. सकाळची धार, चुना, चारा, दारं. संध्याकाळची धार, मागचं दार, कपाट. ज्या घरी 'आज नको' ऐकलं तिथे वहिनी परत गेली, जिथे दोनदा ऐकलं तिथे तिसऱ्यांदा गेली आणि नळीचा विषयही न काढता भाजी निवडू लागली, की घरची आपणच म्हणायची, "आण बाई ती नळी." बांडी हळूहळू चघळू लागली. एके सकाळी तिने आईला लाथ मारली आणि आई आनंदाने सगळ्यांना नडगी दाखवत फिरली.

निकाल आले तेव्हा बहुतेकींचे चांगले आले. काही थोड्या जणींना पुढे दाखवावं लागणार होतं. त्यांत अध्यक्षांची बायको होती. लेक सोबत गेली. मोठ्या दवाखान्याच्या थंड बाकावर ती बाई लेकीचा हात धरून बसली, तो आत बोलावेपर्यंत सोडला नाही. आजार व्हायच्या आधीचं काहीतरी होतं. तिथल्या तिथे काढून टाकलं. काही दिवस वजन उचलू नका, म्हणाले.

म्हणून त्या काही दिवसांत गावाने अध्यक्षांना धार काढताना पाहिलं. गाय त्यांना ओळखत नव्हती आणि त्यांनीही गाईला आजवर फक्त भाषणात पाहिलं होतं. गुडघ्यात बादली, पाठ भिजलेली, शिंतोडे मिशीवर. केंद्रावर बायकांच्या रांगेत ते बादली घेऊन उभे राहिले. पुढच्या बायका बाजूला होऊ लागल्या तर म्हणाले, "नको, नको. तुमचा नंबर आधी." ते गमतीने म्हणाले की कसं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शेजारच्या गावची समिती हे सगळं बघायला येणार, असं ठरलं. अध्यक्षांनी ओट्याला रंग काढला. सकाळी लेक आणि वहिनी चुलीपाशी चहा पीत बसल्या होत्या.

"सगळी दारं झाली ना, वहिनी?"

वहिनी कपातच बघत राहिली. "वन्सं, एक दार राहिलंय."

"कुणाचं?"

वहिनीने हनुवटीने गोठ्याकडे खूण केली.

लेकीने कप खाली ठेवला. मग उठली. पिशवीतून कोरी नळी घेतली, गोठ्याच्या दारात गेली आणि चुन्यात पाय बुडवले. आत आई बांडीच्या पाठीवरून खरारा करत होती. लेक उंबऱ्यावरच थांबली, परक्या घरी थांबावं तशी.

"मी तुझ्यासाठी आलेय," ती म्हणाली.

खरारा थांबला. "मला पाठ आहे ते सगळं."

"स्वतःच करायचं. चहा उकळेपर्यंत होतं."

"मी साठीला टेकले आता."

"साठीलाही करतात."

आईने गाईच्या अंगावर तळवा ठेवला. तिचा आवाज आला तो गाईशी बोलल्यासारखा. "थोरल्या जाऊबाईंना मीच धुवायची. शेवटी शेवटी तर वासाने खोलीत कुणी थांबायचं नाही. मी थांबायची. त्या म्हणायच्या, तू तरी लवकर दाखव गं. आणि मी मनात म्हणायची, आपलं असलं काही असलं तर कळूच नये." खरारा पुन्हा एकदा फिरला. "गावाला सांगणं सोपं असतं."

लेकीला खूप काही बोलता आलं असतं. बोलणं हेच तिचं काम. ती एवढंच म्हणाली, "आज नको वाटलं तर नको, आई. मी परत येईन."

आईने तिच्याकडे बघितलं. कपाळावरची रेघ, कोपरे झिजलेली पिशवी, चुन्याने पांढरे झालेले ते पाय, जे पहिल्या दिवशी चांगल्या चपलांची काळजी करत होते.

"हे 'नको वाटलं तर' तुला बरं जमतं," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "आण."

संध्याकाळी ओट्यावर पाहुणे बसले होते. अध्यक्ष त्यांना समजावून सांगत होते, "आमच्याकडे मांडवाची पद्धत नाही. आम्ही दारात जातो," जणू हे त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. रांग नेहमीसारखी होती. आई दुधाची बादली घेऊन आली. बायका मागच्या दाराने जात. ती पुढून आली. रांगेच्या कडेने, पाहुण्यांच्या पुढ्यातून, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात नळी, लपवलेली नाही, उंचही धरलेली नाही. सकाळचं दूध न्यावं तशी. आतल्या खोलीत गेली. वहिनीने किल्ली फिरवल्याचा आवाज झाला. बाहेर येऊन तिने हात धुतले आणि मग दूध ओतलं.

रांगेत सुताराच्या सुनेने मान ताठ केली, आणि तिच्या मागचीने, आणि तिच्या मागचीने.

अध्यक्ष कधी उठून उभे राहिले ते त्यांनाही कळलं नसावं. हाताची खुर्ची रिकामी होती. "बसा," ते लेकीला म्हणाले. "बाई, बसा. यांना तुम्हीच सांगा." लेक बसली नाही, पण ते 'बसा' सगळ्यांनी ऐकलं.

"ह्या कोण?" पाहुण्यांतल्या एका बाईने हळूच आईला विचारलं.

"माझी लेक."

"काय करतात त्या?"

आईने बादली झटकली. उरलेले थेंब ओट्याच्या नव्या रंगावर पडले.

"दारात जाते," ती म्हणाली. "एखादं राहिलं, तर त्या दारी परत जाते." मग रांगेकडे वळून नेहमीच्या फौजदारी आवाजात, "बघत काय उभ्या? सरका पुढे. दूध नासायचं."